गुडघ्यातली टिकली

संग्राम वस्तादांच्या तालमीत त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले. कुणी कुस्ती मारली म्हणून नव्हे, तर एका गुडघ्याला एक्क्याण्णव मार्क पडले म्हणून! गुडघा होता ईश्वरीचा, वस्तादांच्या एकुलत्या लेकीचा. आणि तमाशा बघा, जिच्या नावानं पेढे वाटले ती पोर तालमीच्या मागच्या खोलीत सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी धरून दातओठ खात बसली होती.

"इशे, बाहेर ये की! अख्खं गाव जमलंय," आईनं दारातून हाक मारली.

"मला पाय टेकवंना झालाय, आई."

"असं कसं? एक्क्याण्णव पडल्यात न्हवं?"

ह्यावर माणसानं काय बोलावं? ईश्वरीनं पेढ्यांचा द्रोण उचलला आणि भिंतीवर फेकून मारला.

गोष्ट फार लांबच्या काळातली नाही. आज पहिलीत बसलेल्या पोरी मॅटवर उतरतील तेव्हाची. गाव हणबरवाडी, भोगावतीकाठचं. संग्राम चौगले वस्तादांनी तिथं पोरींची तालीम काढली तेव्हा लोक फिदीफिदी हसले होते. मग त्याच तालमीतली ईश्वरी राज्यात पहिली आली आणि हसणारे हार घेऊन आले. पुढं देशाच्या संघाची निवडचाचणी तोंडावर असताना सरावात तिच्यावर पाय अडकवायचा एकलंगी डाव भरला गेला आणि उजवा गुडघा आतून 'कट्' करून निखळला. आतला बंधच तुटला होता.

पुण्याला डॉक्टर मृदुला केतकरांनी ऑपरेशन केलं. मांडीतल्या स्नायूची दोरी काढून गुडघ्यात नवा बंध बसवला आणि त्या बंधावर एक पापुद्रा चिकटवला. ऑपरेशनच्या आधी त्यांनी तो चिमट्यात धरून दाखवला होता. कपाळावरच्या टिकलीएवढा, पांढुरका.

"ह्याचं नाव संधिसाथी," त्या म्हणाल्या. "मक्याच्या साखरेपासून एक आम्ल करतात, त्याचा हा पापुद्रा. जखम शिवायचे विरघळणारे दोरे असतात ना, त्याच जातीचा. तुझा बंध किती भार पेलतो ते हा आतून सांगत राहील."

"बॅटरी कुठं हाय ह्याची?" ईश्वरीनं विचारलं.

"नाहीच. गॅसच्या लायटरची कळ दाबली की ठिणगी पडते, हो ना? त्यात तरी सेल कुठं असतो? आत एक खडा असतो, त्याच्यावर दाब पडला की वीज तयार होते. हाही तसाच. तू पाय टाकलास की बंधावर ताण येणार, पापुद्रा दाबला जाणार, चिमूटभर वीज होणार. त्याच विजेवर तो तुझ्या मांडीवरच्या चिकटपट्टीला निरोप धाडतो आणि पट्टी फोनला. भार जास्त तर वीज जास्त. आतल्या तारासुद्धा मॅग्नेशियमच्या आहेत. वर्षाच्या आत सगळं अंगातच विरघळून जाईल. काढायला पुन्हा चिरफाड नको."

खोटं कशाला बोला, वस्तू झकास होती. पोटात, हृदयावर, हाडात असले पापुद्रे बसवून हजारो माणसं उभी राहिली होती. वस्तूवर कुणाचा राग नव्हता. पण वस्तूमागं माणसं असतात, आणि माणसं कधी सरळ वागलीत?

पापुद्रा बनवणाऱ्या परदेशी कंपनीनं त्या विजेचा हिशेब करून शंभरापैकी एक आकडा काढायची युक्ती काढली. सज्जतेचा आकडा, बंध जेवढा भार पेलेल तेवढा मोठा. खेळाडूंच्या निवड मंडळाला तर घबाडच मिळालं. पूर्वी पैलवान 'पाठ धरलीय, खांदा दुखतोय' म्हणून चाचणी टाळायचे, त्यांचं खरं का खोटं हे ठरवताना मंडळाच्या नाकी नऊ यायचे. आता मंडळानं सरळ नियमच केला. आकडा पंच्याऐंशीच्या वर असेल आणि खेळाडू उतरला नाही, तर ती टाळाटाळ, दोन वर्षं बंदी. खाजगी तपासण्या, एमआरआयचे कागद, काही चालणार नाही. शिवाय पापुद्रा अंगात असताना एमआरआय करायचा तर कंपनीची परवानगी लागायची, आणि ज्याचा आकडा चांगला त्याला कंपनी कशाला परवानगी देते!

गावानं त्या पापुद्र्याला टिकली नाव ठेवलं. कुणा हौशी पुढाऱ्यानं तालमीला मोठा टीव्ही भेट दिला आणि त्याच्यावर ईश्वरीचा आकडा दिवसरात्र झळकायला लागला. दूध घालायला आलेला गवळीसुद्धा आधी टीव्हीकडं बघायचा आणि मग म्हणायचा, "आज दोन वाढल्यात, व्हय गं?" कानामागून आली आणि तिखट झाली! गुडघा एकीचा आणि मालक सगळं गाव.

आता वस्तादांचं सांगायला पाहिजे. संग्राम वस्ताद बोलायला कंजूष माणूस. लेकीचं कौतुक त्यांनी तोंडानं कधी केलं नाही. जे काय असेल ते हातात. पुण्याहून आल्यावर जखम भरली, आणि डॉक्टरांनी हलकं मालीश चालेल म्हटल्याबरोबर त्यांनी तिळाचं तेल कोमट करून घेतलं. आता डॉक्टरांच्या लेखी हलकं म्हणजे बोटांनी चोळणं. तालमीत हलकं म्हणजे अंगावर उभं न राहणं, एवढंच! सकाळ-संध्याकाळ वस्ताद लेकीचा पाय मांडीवर घ्यायचे आणि तळव्यानं, कोपरानं, सगळं वजन घालून गुडघा रगडायचे. त्यांचे वस्ताद असंच करायचे, त्यांच्या वस्तादांचे वस्तादही असंच करायचे. घाम कपाळावरून टपटप गळायचा, पण हात थांबायचा नाही. ईश्वरीला ते आवडायचं. बाप आपल्याशी बोलतोय असं तिला वाटायचं.

आणि आकडा वाढायचा. आकडा वाढला की वस्ताद म्हणायचे, "बंध धरालाय. बैठका वाढवू." बैठका वाढल्या की गुडघा ठणकायचा. ठणकला की मालीश आणखी जोरात. मालीश झालं की आकडा आणखी वर. असं चाक सुरू झालं, आणि एक्क्याण्णववर पेढे वाटून झाल्यावर निवड मंडळाकडून बोलावणं आलं की येत्या रविवारी पुण्याला चाचणी आहे, ईश्वरी चौगले सज्ज असल्याचं आम्हाला दिसतंय.

"आबा, मी न्हाई उतरणार," ईश्वरी म्हणाली. कोल्हापूरकडच्या पोरी, जातो-येतो अशाच बोलतात, त्यांना कुणी शिकवायला जाऊ नये. "मी रोज सांगालोय, आत कायतरी सरकतंय. जिना उतरताना गुडघा निसटतो."

वस्ताद लंगोट वाळत घालत होते. वळले नाहीत. "भ्या बसलंय तुझ्या मनात. पडल्यावर बसतं."

"भ्या न्हाई, दुखालंय!"

"यंत्र कशाला खोटं बोलंल, इशे? त्येला काय कुस्ती टाळायचीय?"

"म्हंजे मी टाळालोय?"

वस्तादांनी वळून न बघता दुसरा लंगोट झटकला, आणि ते झटकणं तिच्या थोबाडीत बसल्यासारखं बसलं. जोर मारताना ज्या पोरीनं कधी 'पुरे' म्हटलं नव्हतं, तिला सख्खा बाप कामचुकार समजत होता. आई समजत होती. गवळी समजत होता! ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. इथं जळत होतं एकीचं आणि कळत होतं टीव्हीला.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडं लोण्यासारखा गोड आवाज.

"ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. तुमचा आकडा उत्तम आहे. अशा वेळी पुन्हा दुखापत होईल अशी भीती अनेकांना वाटते. आपल्याकडं त्यासाठी मोफत समुपदेशन आहे."

"मला भीती वाटत नाही. मला दुखतंय."

"अगदी बरोबर. भीतीचं एक लक्षण वेदना हेही असतं."

"आणि खरंच आत काही तुटलं असेल तर त्याचं लक्षण काय असतं?"

"मग आकडा कमी आला असता, ताई."

ईश्वरीनं अशी एक शिवी हासडली की पलीकडचा गोड आवाज पहिल्यांदाच अडखळला.

चाचणीला तीन-चार दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. दिवस अजून मावळला नव्हता. पोरी सराव आटोपून घरी गेल्या होत्या. वस्तादांनी तेलाची वाटी घेतली, ईश्वरी भिंतीला टेकून पाय पसरून बसली. तोंड फुगलेलंच होतं, बापाशी बोलणं बंद होतं, पण मालीश मोडायची रीत तालमीत नाही. बोलायचं नाही म्हणून ती समोरच्या टीव्हीकडं बघत राहिली. एरवी मालीश आडवं पडून व्हायचं, डोळे मिटून. आज डोळे उघडे होते.

आकड्याखाली एक रेघ सरकत असायची. बंधावर भार पडला की रेघेला उंचवटा येई. तिकडं कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं, सगळ्यांना आकडा हवा होता. वस्तादांचा तळवा गुडघ्यावर बसला आणि रेघ टुणकन वर उडाली. तळवा उचलला, रेघ खाली. कोपर फिरलं, रेघ भसाभस वर-खाली.

"थांबा," ईश्वरी म्हणाली.

वस्ताद थांबले. रेघ सपाट झाली.

"दाबा."

रेघ उडाली.

"थांबा! आता बघा तिकडं. मी बसलोय. मी पाय हलवला का? बघा, मी हललो का?"

वस्तादांनी टीव्हीकडं बघितलं. मग आपल्या तेलकट हातांकडं. मग पुन्हा एकदा, अगदी हळू, गुडघा दाबला. रेघेनं तेवढाच हळू उंचवटा दाखवला. इमानदार यंत्र! दाब पडला की वीज करायची, एवढंच त्याला ठाऊक. दाब पैलवानाच्या चालीचा की बापाच्या हाताचा, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ज्यांनी शिकवलं त्या लोकांच्या देशात बाप लेकीचा गुडघा सकाळ-संध्याकाळ असा रगडत नसतील, त्याला ते काय करणार? पण इकडं विकायला आणताना एकदा तालमीत येऊन बघायला त्यांचे पाय मोडले होते काय?

"म्हंजे..." वस्तादांनी हात मागं घेतला. "म्हंजे ह्यो आकडा माझा हाय?"

"तुमचाच. तुमच्या हातांचे मार्क हायत ते. माझा गुडघा कवाच नापास झालाय."

वस्तादांनी तेलाचे हात पुसले. ईश्वरीला वाटलं, सुटलो. आता आबा उठतील, मंडळाला फोन करतील, ह्या टीव्हीवर दगड घालतील. राग विरघळायला लागला होता तिचा. तेवढ्यात वस्ताद मान खाली घालून म्हणाले, "एकच कुस्ती, इशे."

"काय?"

"समोरची पोर साताऱ्याची. ढाकेच्या डावावर मिंटात जाईल. डाव्या पायावर भार घे, उजव्याला हातच लावू देऊ नको. एकदा संघात नाव लागलं की मग बसून गुडघा बरा करू. वीस वर्सं वाट बघितलीय मी ह्याची. एकच कुस्ती."

ईश्वरी उठून उभी राहिली. गुडघा कळवळला, तरी उभी राहिली. "आबा, आकडा खोटा हाय हे ठावं नसताना तुमी मला खोटं पाडत होता. त्ये मी गिळलं. आता तुमाला ठावं हाय. आपल्या डोळ्यांनी बघितलंसा. तरी बी मॅटवर जा म्हंता?"

"तसं न्हाई गं..."

"मग कसं? गुडघा गेला तर जन्माचा गेला! लंगडत भाकऱ्या थापू? का तुमच्या टीव्हीखाली बसून पेढे खाऊ?" तिनं पायानं तेलाची वाटी उडवली. "आजपास्नं माझ्या पायाला हात लावायचा न्हाई."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या दिवसापासून घरात दोन माणसं एकमेकांकडं पाठ करून जेवली. मालीश बंद झालं तसा आकडा घसरायला लागला, पण त्याची चढायची चाल सशाची आणि उतरायची गोगलगाईची. जुन्या दिवसांची सरासरी धरून चालणारं यंत्र ते. रविवार उजाडला तेव्हा टीव्हीवर अठ्ठ्याऐंशी होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! उतरावं तर गुडघा जातो, न उतरावं तर टाळाटाळ करणारी म्हणून दोन वर्षं बंदी.

पुण्याच्या हॉलमध्ये मॅटच्या कडेला मंडळाचं टेबल होतं. मधोमध सचिव बारटक्के, शेजारी कंपनीचा माणूस, निळ्या कोटातला. ईश्वरी सरळ टेबलापुढं जाऊन उभी राहिली. वस्ताद दोन पावलं मागं.

"साहेब, माझा आकडा चुकीचा आहे. तो मालीशीचा आहे. माझा एमआरआय करा."

बारटक्के हसले. "प्रत्येक पैलवान मालीश करतो, बाळ. अठ्ठ्याऐंशी म्हणजे सज्ज. नाव पुकारलं की मॅटवर यायचं."

"मी दाखवते." टेबलाशी ती पुण्याची भाषा बोलत होती. ती तिथंच, सगळ्यांच्या देखत, जमिनीवर बसली आणि पाय पसरला. फोन टेबलावर ठेवला. "आबा, दाबा."

वस्ताद हलेनात. तीन दिवस ज्या पायाला हात लावायची बंदी होती, तो पाय समोर होता.

"दाबा म्हंतो ना!"

वस्ताद गुडघ्यावर बसले. हात पुढं केला. तेल नाही, काही नाही, कोरडा तळवा. दाबला. फोनवरची रेघ उडाली. आणखी दाबला तशी आणखी. ईश्वरीच्या तोंडून वेदनेनं आवाज फुटला आणि त्याच वेळी आकडा अठ्ठ्याऐंशीचा एकोणनव्वद झाला. पोर कळवळतेय आणि यंत्र शाबासकी देतंय! आजूबाजूच्या पोरी अंग मोकळं करायचं सोडून जवळ आल्या.

"बघितलंत?" ईश्वरी म्हणाली.

निळा कोट पुढं वाकला. त्याचा चेहरा आधी उतरला, आणि मग काहीतरी सुचल्यासारखा उजळला. "पण हा तर बाह्य हस्तक्षेप आहे, सर! यंत्रानं दाब बरोबरच मोजलाय. कुणीतरी बाहेरून मुद्दाम दिला तर यंत्र काय करणार?"

बारटक्क्यांनी चष्मा सारखा केला. "हे बघा वस्ताद, नियम स्पष्ट आहेत. अजाणता झालं असेल, तर तशी तरतूदच नाही. आकडा ग्राह्य, मुलीनं मॅटवर जायचं, नाहीतर टाळाटाळ. पण आकडा वाढवायला कुणी मुद्दाम हे केलं असेल, तर आकडा बाद. खेळाडूची फेरतपासणी मंडळ करेल. मात्र करणाऱ्यावर फसवणुकीचा ठपका, आणि कोणत्याही तालमीत शिकवायला जन्मभर बंदी. आता सांगा, मुद्दाम केलंत का?"

माईकवरून ईश्वरीचं नाव पुकारलं गेलं. साताऱ्याची पोर मॅटवर उड्या मारून अंग मोकळं करत होती.

"साहेब, अहो, ते मालीश होतं!" ईश्वरी ओरडली. "बाप लेकीचा पाय रगडतो, त्यात कसलं मुद्दाम?"

"मी त्यांना विचारतोय."

वस्ताद अजून जमिनीवरच होते. हात गुडघ्यावर तसाच, पण आता दाब नव्हता. त्या हाताखाली सुजलेलं, गरम मांस धडधडत होतं. वीस वर्षं ज्या मॅटची वाट बघितली ती मॅट दहा पावलांवर होती. त्यांनी तिकडं एकदा बघितलं.

"मुद्दाम केलं," वस्ताद म्हणाले.

"आबा!"

"फसवलं मी. आकडा वाढावा म्हणून रोज दाबत हुतो. पोरीला ठावं नव्हतं. ती बिचारी दुखतंय म्हणत हुती, मी गप बसवलं तिला."

"खोटं बोलाल्यात ते! साहेब, खोटं हाय ह्ये!"

"तू गप बस. वस्ताद बोलालाय."

आणि त्यांनी विश्वास ठेवला. तत्काळ! कागद नको, साक्ष नको, यंत्र नको. महिना-महिना दुखतंय म्हणून घसा कोरडा करणाऱ्या पोरीवर ज्यांनी एक घटकाभर विश्वास ठेवला नाही, त्यांना 'मी चोर आहे' म्हणणारा बाप एका शब्दात पटला. निळ्या कोटानं तर सुटकेचा असा श्वास टाकला की समोरचा कागद हलला. वस्तादांनी दाखवतील तिथं सही केली, पागोटं सारखं केलं आणि हॉलच्या बाहेर जाऊन उभे राहिले.

फेरतपासणीत डॉक्टर केतकरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं की नवा बंध अर्ध्याहून जास्त फाटला होता. "एक झटका आणि संपलं असतं," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "ऑपरेशननंतर मी तुला स्वतः बघायला हवं होतं. आकडे बघत बसले मी." एवढं म्हणणारी ती एकटीच बाई. मंडळानं मात्र पत्रक काढलं की आधुनिक यंत्रणेमुळं एका प्रशिक्षकाची फसवणूक वेळीच उघडकीला आली. यंत्रणेमुळं! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं. इथं चोरालाच फौजदाराचा बिल्ला मिळाला. हणबरवाडीत काही लोकांनी वस्तादांना रामराम करणं सोडलं. टीव्ही देणारा पुढारी टीव्ही काढून घेऊन गेला. पोरींच्या तालमीला नवा वस्ताद मिळेना म्हणून कुलूप लागलं.

पुन्हा ऑपरेशन ठरलं, तोवर पहिल्याला वर्ष होत आलं होतं. त्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या खोलीत निळा कोट हजर. सोबत एक पेटी आणि पेटीत प्लॅस्टिकचा गुडघा.

"ईश्वरीताई, तुमच्यासाठी खास बातमी! संधिसाथीची नवी आवृत्ती आलीय. आता पापुद्र्याला दाबाची दिशा कळते. खेळाडूचा स्वतःचा दाब वेगळा आणि बाहेरच्या हाताचा वेगळा ओळखतो. तुम्हाला मोफत बसवू." मग तो वस्तादांकडं वळला. "आणि काका, तुमची थोडी मदत हवी होती. अस्सल तालमीच्या मालीशीचे नमुने आमच्याकडं नाहीत. ह्या गुडघ्यावर तुम्ही करून दाखवलंत, तर आम्ही मोजून घेऊ. तुमचे हात फार मोलाचे आहेत."

आणि तो भोळा माणूस खरंच बाह्या वर करायला लागला! "पोरीच्या कामाला येत आसंल तर..."

"थांबा, आबा." ईश्वरी पलंगावर उठून बसली. "मला एक सांगा, साहेब. नवी आवृत्ती का काढावी लागली?"

"म्हणजे... जुनीला मालीश आणि चालणं ह्यातला फरक कळत नव्हता."

"तेवढंच एक वाक्य मंडळाला लिहून द्या. फरक कळत नव्हता, माणसानं फसवलं नव्हतं. मग टिकली बसवा, हात मोजा, काय पाहिजे ते करा."

निळा कोट गडबडला. "ताई, ती तांत्रिक सुधारणा आहे. चूक म्हणून कंपनी कशी लिहून देईल? आणि आता पुरावा तरी काय? जुना पापुद्रा तर विरघळून गेला असेल."

"टिकली विरघळली, पण बापावरचा डाग नाही विरघळला. तो कशाचा केलाय तुम्ही?"

डॉक्टर केतकर दारात येऊन उभ्या होत्या. ईश्वरी त्यांना म्हणाली, "मॅडम, नुसता बंध बसवा. दुसरं काही नको."

"आकडा नसेल तर मंडळ तुला कधीच उभं करणार नाही. कल्पना आहे ना?"

"आहे."

"येडी का काय तू!" वस्ताद एकदम उसळले. असे ते तालमीतसुद्धा कधी ओरडले नव्हते. "देशाकडनं खेळायचं सोडतीस? माझ्यापायी?"

"तुमी चोर झाला ते कुणापायी?"

"ती गोष्ट येगळी!"

"कशी येगळी? सांगा की. सांगा!"

वस्तादांनी वर केलेल्या बाह्या एकेक करून खाली ओढल्या. ईश्वरीचा राग काही उतरला नव्हता. तिनं निळ्या कोटाकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

"आबा," ती म्हणाली, "ह्यांना वाट दावा."

वस्ताद पुढं झाले. त्यांनी प्लॅस्टिकचा गुडघा उचलला, पेटीत घातला, पेटीची कडी लावली. मग ती पेटी निळ्या कोटाच्या छातीशी दिली आणि दार उघडून धरलं.